रज्जू, सर्प आणि शेंदराचा दगड

धर्मश्रद्धेचा उगम कशात आहे, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुधा दोन उत्तरे येतात. एक, आदिमानव निसर्गाला भ्याला आणि त्या भीतीतून देव जन्मले. दुसरे, आदिमानव अज्ञानी होता. वीज, पाऊस, वारा यांची कारणे त्याला ठाऊक नव्हती, म्हणून त्याने देव कल्पिले. दोन्ही उत्तरे परीक्षेत गुण मिळवून देतात आणि ती अगदीच खोटी आहेत असेही नाही. पण त्यांनी समाधान होत नाही. भीती हरणालाही वाटते आणि अज्ञान तर त्याच्यापाशी आपल्याहून कितीतरी अधिक. तरी हरणाने कधी दगडाला शेंदूर फासला नाही. शिवाय ज्ञान वाढेल त्या प्रमाणात श्रद्धा आटली पाहिजे, तसेही घडलेले दिसत नाही. विजेचे कारण पक्के ठाऊक असलेला अभियंताही नव्या मोटारीला लिंबू-मिरची बांधतो. तेव्हा भीती आणि अज्ञान यांच्या जोडीला माणसाच्या मनाच्या घडणीतच काहीतरी असले पाहिजे. ते काय आहे आणि ते तेथे आले कसे, याचा विचार गेल्या तीस-चाळीस वर्षांत मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्र यांनी मिळून केला आहे. त्या विचाराची ओळख आपल्या परिसरातील दाखल्यांच्या आधारे करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

भ्रमाचे विवेचन करताना आपल्या तत्त्वज्ञांनी एक दृष्टान्त घरोघर पोचविला आहे. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, हा तो रज्जुसर्पाचा दृष्टान्त. अद्वैत वेदान्त्यांना त्यातून जगाच्या मिथ्यात्वाविषयी काही सांगावयाचे होते. आपल्याला येथे तेवढ्या खोल पाण्यात उतरावयाचे नाही. आपण त्या दृष्टान्ताला एक साधा, काहीसा शाळकरी प्रश्न विचारू. दोरीचा साप होतो, मग सापाची दोरी का होत नाही? क्वचित होतही असेल. पण ज्याला साप दोरी वाटला आणि ज्याने तो उचलला, त्याचा वंश पुढे चालण्याची शक्यता थोडी. ही थट्टा नव्हे. नैसर्गिक निवडीचा सारा युक्तिवाद या एका वाक्यात आहे. दोरीला साप समजण्याची चूक स्वस्त आहे. तीत फार तर एक उडी, एक किंकाळी आणि भोवतालच्यांचे हसू खर्ची पडते. सापाला दोरी समजण्याची चूक मात्र एकदाच करता येते. जेथे दोन चुकांची किंमत इतकी विषम असते, तेथे लाखो वर्षांच्या निवडीनंतर उरणारे मन हे बरोबर ओळखणारे मन नसते. ते स्वस्त चूक पुनःपुन्हा करणारे मन असते.

माकडांवरील एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या, कधी साप न पाहिलेल्या माकडांना सापाची भीती नसते. दुसरे माकड सापाला भिताना त्यांना चित्रफितीत दाखविले की ती चटकन भिऊ लागतात. पण फितीत फेरफार करून तेच माकड फुलाला भिताना दाखविले, तर मात्र फुलाची भीती बसत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मायकेल कुक आणि सुझन मिनेका यांनी हे १९८९ साली प्रसिद्ध केले. म्हणजे मन ही कोरी पाटी नव्हे. काही अक्षरे तीवर लवकर उमटतात, काही उमटतच नाहीत.

आता सापाकडून देवाकडे कसे जावयाचे? मधला दुवा ‘कर्ता’ हा आहे. कन्नडजवळच्या गौताळ्याच्या रानात संध्याकाळी गवत हलले, तर ते वाऱ्याने हलले असेल किंवा बिबट्याने हलविले असेल. पहिल्यात नुसती घटना आहे; दुसऱ्यात कोणीतरी आहे, त्याला काही हवे आहे, आणि कदाचित त्याला हवे असलेले आपणच आहोत. वरच्याच हिशोबाने, ‘कोणी नाही’ असे समजण्यापेक्षा ‘कोणीतरी आहे’ असे समजणे सुरक्षित ठरते. चार्ल्स डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ‘मानवाचा अवरोह’ या ग्रंथात स्वतःच्या कुत्र्याची हकिकत दिली आहे. उन्हाच्या दिवशी तो हिरवळीवर पडला होता. थोड्या अंतरावर उघडी छत्री होती. झुळुकेने ती मधूनमधून हले, आणि प्रत्येक वेळी कुत्रा गुरगुरे व भुंके. जवळपास कोणी दिसत नसताना छत्री हलते, त्या अर्थी कोणी परका येथे असला पाहिजे, असे काहीसे त्याच्या मनात आले असावे, असा डार्विनचा तर्क. भूतखेतांवरील विश्वासाचे बीज त्याने या गुरगुरण्यात पाहिले. योगायोग असा की त्याच वर्षी एडवर्ड टायलरचा ‘आदिम संस्कृती’ हा ग्रंथ निघाला आणि स्वप्न व मृत्यू यांच्या अनुभवातून आत्म्याची कल्पना आली, ही त्याची उपपत्ती पुढे पन्नास वर्षे गाजली. डार्विनचा कुत्रा मात्र मागे पडला. स्ट्युअर्ट गथ्री, जस्टिन बॅरेट आदी अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पुन्हा पुढे आणले.

माणूस या बाबतीत कुत्र्याच्या एक पाऊल पुढे आहे. त्याला नुसता कर्ता दिसत नाही, कर्त्याचे मनही दिसते. १९४४ साली हायडर आणि झिमेल यांनी विद्यार्थिनींना एक लहानसा चित्रपट दाखविला. त्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर सरकत होते, बाकी काही नाही. काय पाहिले, असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरले आहे, धाकटा त्रिकोण त्याला सोडवतो आहे. भूमितीचे वर्णन करणारी जवळजवळ कोणी निघाली नाही. कळपात राहणाऱ्या, दुसऱ्याच्या मनातले ओळखल्यावाचून एक दिवसही न निभावणाऱ्या प्राण्याचे हे मन आहे. ते त्रिकोणाला राग देते, तर मग आभाळाला का देणार नाही?

आपली भाषाच पाहा. पाऊस आपल्याकडे रुसतो, नदी कोपते, काळ ओढून नेतो. सर्वांत बोलका दाखला रोगाचा आहे. ज्या रोगाला इंग्रजीत फोडांवरून नाव पडले, त्याला मराठीत ‘देवी’ म्हणतात. मुलाला देवी ‘आल्या’, म्हणजे रोग झाला नाही, पाहुणी आली. आदरार्थी बहुवचनात आली. तिला निंबाचा पाला, दहीभात, थंडावा. घरात फोडणी द्यावयाची नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही. त्याच रोगावरची लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ असेच नाव पडले. पटकीची मरीआई गावाच्या वेशीवर बसली. आता गंमत अशी की देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. रोग गेला, मरीआईची, शीतळेची ठाणी उठली नाहीत. श्रद्धा हे केवळ रोगाचे स्पष्टीकरण असते, तर रोगाबरोबर तीही जावयास हवी होती. ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे तेच उरले नाही, तरी जिच्याशी बोलता येते, जिच्यावर रुसता येते, जिला साडीचोळी नेता येते ती उरली. संबंध हा कारणापेक्षा चिवट असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

कर्ता शोधणाऱ्या या मनाची सर्वांत मोठी अडचण मृत्यूपाशी होते. कालपर्यंत जो बोलत होता, रागावत होता, त्याचे शरीर समोर आहे आणि त्यात कोणी नाही, हे मनाला पटत नाही. कारण दुसऱ्याच्या मनाचा विचार करण्याची यंत्रणा बंद करण्याची कळच आपल्यापाशी नाही. या संदर्भात महाराष्ट्राच्या मातीत सापडलेला पुरावा फार मोलाचा आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदलेले ते शेतकऱ्यांचे खेडे होते. लोखंड नाही, लिपी नाही, मोठे देऊळ नाही. या संस्कृतीला संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव मिळाले आहे. नेवासे, दायमाबाद आणि आपल्या पैठण तालुक्यातील आपेगाव हीही ताम्रपाषाणयुगातील ठिकाणेच. ज्ञानदेवांच्या घराण्याचे म्हणून आपण ज्या आपेगावला ओळखतो, तेथे तीन हजार वर्षांपूर्वीही संसार चालले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

या लोकांनी आपले मृत गावाबाहेर नेले नाहीत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरले. लहान मूल गेले की मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांच्या पोटात ते मूल ठेवीत. शेजारी वाडगे, तोटीचे भांडे. इनामगावच्या दफनांत मुलांचीच संख्या फार मोठी आहे. प्रौढ माणसाला खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून निजवीत. आणि त्याची पावले घोट्यापाशी तोडलेली असत. हे कशासाठी? मेलेल्याने उठून चालत परत येऊ नये म्हणून, असा तर्क उत्खनकांनी केला आहे आणि तो पटण्यासारखा आहे. एका चौपायी मोठ्या रांजणात बसविलेल्या माणसाची पावले मात्र शाबूत आढळली. तो कोणी मानकरी असावा असे समजतात. त्याने परत आलेले चालत होते, की त्याच्या बाबतीत ती भीती नव्हती, कोण सांगणार?

एकाच घरात, एकाच जमिनीखाली या दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत, याचा विचार करावा. मोठ्याचे पाय तोडले, कारण तो येईल. मूल उदरासारख्या पोकळीत ठेवून घरातच राखले, शेजारी पाण्याचे भांडे ठेवले. रांजण म्हणजे आईचे पोट, असे म्हणणे हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तथापि ज्याला तहान लागेल असे वाटते त्याच्याच उशाशी भांडे ठेवतात, एवढे तरी मान्य करावे लागेल. मृताला हवे-नको आहे, हा विश्वास येथे कोणत्याही ग्रंथाशिवाय, कोणत्याही पुरोहिताच्या नावाशिवाय उभा आहे.

अमेरिकेत जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यापुढे ठेवून पाहावा. लहान मुलांना बाहुल्यांच्या खेळात दाखविले की सुसरीने उंदराला खाऊन टाकले. मग विचारले, उंदराला आता भूक लागते का, तो अजून आईवर प्रेम करतो का. बरीच मुले म्हणाली की त्याचे शरीर आता काम करीत नाही. पण आई त्याला अजून हवीशी वाटते. विशेष म्हणजे वय वाढेल तसे हे उत्तर कमी होत जाते. याचा अर्थ, मृताच्या मनाचे अस्तित्व ही केवळ शिकविलेली गोष्ट असेल असे दिसत नाही; ती मुळात असते आणि संस्कृती तिला आकार देते. आपल्याकडे त्या आकाराला पितृपक्ष म्हणतात; पिंडाला कावळा शिवला नाही की ‘इच्छा राहिली’ म्हणतात. इच्छा मेलेल्याची.

इनामगावच्याच एका घरात जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी सापडली. पेटीत शिर नसलेली मातीची स्त्रीमूर्ती होती. तिच्या जोडीला बैल. ती देवी होती हे ढवळीकरांचे मत बहुतेकांनी मान्य केले आहे. ही मूर्ती देवळात नव्हती, घराच्या कोपऱ्यात पुरलेली होती. सामुदायिक नव्हे तर घरगुती, कदाचित एखाद्या बाळंतपणापुरती किंवा एखाद्या नवसापुरती. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून म्हसोबा, वेताळ, तिठ्यावरच्या माताबाया यांची ठाणी तपासली आणि अश्मयुगीन वाटांशी त्यांचा संबंध जोडला, ते ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ सालच्या पुस्तकात आहे. कोसंबींच्या सगळ्याच जोडण्या टिकतील असे नाही. पण त्यांनी आपल्याला एक सवय लावली: शेंदराचा दगड दिसला की नाक न मुरडता वाकून पाहण्याची.

आता आपल्या शहराच्या उत्तरेच्या डोंगरात चला. विद्यापीठाच्या अंगाने औरंगाबाद लेण्यांकडे गेलात तर सातव्या लेण्याच्या व्हरांड्यात, भिंतीवर, अवलोकितेश्वराची उभी मूर्ती आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील हे काम. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना लहान लहान प्रसंग कोरले आहेत. प्रत्येकात माणसे संकटात सापडली आहेत आणि हात जोडून बोधिसत्त्वाचा धावा करीत आहेत. ही अष्टमहाभये: आग, शत्रूची तलवार, बेड्या, फुटलेले गलबत, सिंह, साप, माजलेला हत्ती, आणि शेवटी मृत्यू. उत्क्रांतीच्या अभ्यासकाने माणसाच्या आदिम भयांची यादी करावयाची म्हटले, तर ती याहून फारशी वेगळी होणार नाही; बेड्या आणि गलबत तेवढे व्यापाऱ्यांनी आपल्या पदरचे घातले असणार. याच लेण्यात पांचिक आणि हारीती यांचेही शिल्प आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तर हारीतीला स्वतंत्र देवघरच दिले आहे. हारीती मूळची राजगृहाची पोरे खाणारी यक्षी. बुद्धाने तिचे लाडके मूल लपविले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची राखणदार झाली. ईश्वराविषयी मौन पाळणाऱ्या, दुःखाचे कारण तृष्णेत शोधणाऱ्या धर्माच्या लेण्यातही आयाबायांना मूल सांभाळणारी कोणीतरी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ग्रंथातला धर्म आणि मनातला धर्म यांत हे अंतर सर्वत्र राहते. खुलताबादेत भद्रा मारुतीपाशी आणि सूफी संतांच्या दर्ग्यांपाशी येणाऱ्यांना तत्त्वज्ञान विचारले तर ते वेगवेगळे सांगतील; मागणे मात्र एकाच प्रकारचे असते.

कर्ते तर हजारो कल्पिता येतील. मग नेमके काहीच का टिकतात? पास्कल बॉयर या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने याचे उत्तर स्मरणशक्तीत शोधले. जी कल्पना बहुतांशी नेहमीसारखी, पण एखाद्याच ठिकाणी विलक्षण असते, ती लक्षात राहते व तोंडोतोंडी पसरते. फारच विलक्षण असेल तर ती सांगता येत नाही. मुळीच विलक्षण नसेल तर ती सांगावीशी वाटत नाही. आपली हडळ पाहा. बाईसारखी बाई, फक्त पावले उलटी. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला मुलगा. त्याला राग येतो, लोभ होतो, तो पिंपळावर राहतो, एवढेच की त्याला शरीर नाही. (हडळीची उलटी पावले आणि इनामगावची तोडलेली पावले यांचा धागा जोडण्याचा मोह होतो. मध्ये तीन हजार वर्षे आहेत, मोह आवरावा.) २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि देशाबाहेर पसरली. मूर्ती दगडाचीच, दूध नेहमीचेच, चमचाही घरचाच. विलक्षण एकच गोष्ट. द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध मूर्तीच्या अंगावरून ओघळते, हे शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दाखवून दिले. ते तितक्या वेगाने पसरले नाही.

श्रद्धा कोठे दाट होते, याविषयी ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्कीचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. ट्रोब्रिअंड बेटांवरचे लोक खाजणाच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या, धोक्याच्या समुद्रात जाताना मात्र करीत. जेथे कौशल्य पुरते तेथे मंत्र लागत नाही. मराठवाड्याला हे कोणी समजावून सांगावयास नको. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आहेत. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते तर कालचेच. मृगाचा पाऊस लांबला की धोंडी काढावयाची, एका पोराला निंबाच्या पाल्याने मढवून घरोघर त्याच्यावर पाणी ओतावयाचे. किंवा महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवावयाची. या गोष्टी ज्वारी निवडण्यासाठी किंवा बैल पारखण्यासाठी कोणी करीत नाही. तेथे शेतकऱ्याची नजर पुरते. पावसापुढे ती पुरत नाही. आणि धोंडीनंतर आठ दिवसांत पाऊस आला तर? जून-जुलैत तो बहुधा येतोच. बी. एफ. स्किनरने १९४८ साली कबुतरांना ठराविक वेळाने, ती काहीही करोत, दाणे दिले. दाणे पडण्याच्या क्षणी जे कबूतर गिरकी घेत होते ते पुढे गिरक्याच घेऊ लागले. परीक्षेला ठरावीक पेन नेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी कबुतरांना हसू नये.

येथपर्यंतचे विवेचन श्रद्धेला मनाच्या इतर उपयुक्त शक्तींची आनुषंगिक उपज मानते. दुसरा पक्ष म्हणतो की श्रद्धा स्वतःच उपयोगी पडली, म्हणून टिकली. तिने समाज बांधला. रिचर्ड सोसिस याने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतल्या सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा धार्मिक वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा अधिक टिकल्या, आणि ज्यांची बंधने कडक त्या अधिकच टिकल्या, असे दिसले. बंधन हीच खूण असते. ती महाग असल्यामुळे लबाडाला परवडत नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणारा, गळ्यात माळ घालून मद्यमांस सोडणारा माळकरी अनोळखी गावात विश्वासाने घरात घेतला जातो, याचे कारण या विचाराने चांगले उलगडते. अरा नोरेंझायन याने २०१३ साली याहून मोठा दावा केला: पापपुण्य पाहणारे मोठे देव आले, म्हणून अनोळखी माणसांचे मोठे समाज शक्य झाले. यावर बराच वाद झाला. आधी मोठे समाज आणि मागाहून नीतिमान देव, असा उलट निष्कर्ष काढणारा एक गाजलेला निबंध २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला आणि आधारसामग्रीतील दोषांमुळे २०२१ साली मागे घेण्यात आला. तेव्हा हे प्रकरण मिटलेले नाही. माझे मत विचाराल तर पहिला पक्ष उगमाविषयी अधिक पटतो, दुसरा टिकण्याविषयी. मनाने कर्ता पुरविला, समाजाने त्याला कामाला लावले.

आणखी एक खुलासा येथेच केलेला बरा. श्रद्धेचा उगम उत्क्रांतीत दाखविला म्हणजे ईश्वर नाही असे सिद्ध होते, असे काही उत्साही लोक मानतात. गणित करण्याची बुद्धीही उत्क्रांतीतूनच आली; म्हणून दोन अधिक दोन चार होत नाहीत असे नाही. वर उल्लेख केलेले बॅरेट स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, बॉयर तसे नाहीत. दोघेही जवळजवळ सारखेच विवेचन करतात. ईश्वराचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात सोडवावा. या विचाराने प्रश्न सुटतो तो वेगळा आणि मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे.

तो भानामतीचा. घरावर दगड पडतात, पेटीतले कपडे आपोआप जळतात किंवा कापले जातात, जेवणात घाण निघते, बाईच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मराठवाड्यातल्या कित्येक गावांनी हे पाहिले आहे. अशा वेळी गाव ‘काय झाले’ असे विचारीत नाही. ‘कोणी केले’ असे विचारते. गवत हलले, तेव्हा बिबट्या मानणे शहाणपणाचे होते, कारण चूक स्वस्त होती. येथे तीच वृत्ती, तोच प्रश्न, पण चुकीची किंमत तिसराच कोणी देतो: गावाच्या कडेला राहणारी विधवा, मूल नसलेली बाई, परक्या गावाहून आलेले कुटुंब. मारहाण होते, गाव सोडावे लागते, कधी जीवही जातो. निवडीच्या तराजूतले सगळे मापच येथे उलटे झाले आहे, आणि मन मात्र जुन्याच मापाने तोलते. शिकलेल्या घरांतही ते तसेच तोलते. म्हणून ‘अडाणी लोक’ म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात या मनाशी झगडा नवा नाही. महानुभावांनी क्षुद्र देवतांची उपासना नाकारली, तुकोबांनी नवसाची खिल्ली उडविली, गाडगेबाबांनी कीर्तनातून बोकडबळीवर कोरडे ओढले. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची उभारणी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटविते, असे जाहीर करून तिच्याविषयी संशय पसरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. देवाला मानणे हा गुन्हा नाही. माणसावर बोट दाखविणे हा आहे. उत्क्रांतीच्या अभ्यासकानेही रेघ येथेच ओढली असती.

भानामतीच्या गावी जाणाऱ्या कार्यकर्त्यांची रीतही समजून घेण्यासारखी आहे. ते सभेत शास्त्र सांगतात. बिब्ब्याचे तेल कातडीवर लागले की काळे व्रण कसे उठतात, हे दाखवितात. पण खरे काम सभेनंतर होते. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने, दार लावून, सावकाश बोलावयाचे. कपडे कापणारा, दगड टाकणारा हात बहुधा घरातलाच निघतो, आणि तो बहुधा अशाचा असतो की ज्याचे त्या घरात कोणी ऐकत नाही: सासुरवास भोगणारी सून, शाळा सोडवलेली मुलगी, लग्न लादलेला मुलगा. गाव बाहेरचा कर्ता शोधत असते, तेव्हा खरा कर्ता चुलीपाशी बसून भाकरी थापीत असतो. तो सापडला की कार्यकर्ते त्याचे नाव गावाला सांगत नाहीत, पंचांना सांगत नाहीत. प्रकार थांबले आहेत, आता होणार नाहीत, एवढेच सांगून ते परत येतात.